उद्योजकता आणि राष्ट्रीय परिस्थिती

उद्योजकता आणि राष्ट्रीय परिस्थिती हा अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र यांच्या सीमेवरील एक अभ्यासविषय आहे. देशातील कायदे, वित्तव्यवस्था, शिक्षण, बाजारपेठ, शासकीय धोरणे आणि सामाजिक धारणा यांचा उद्योजकांवर कसा परिणाम होतो, याचा विचार या विषयात केला जातो. कोणते लोक उद्योग सुरू करतात, कोणत्या प्रकारचे उद्योग निवडतात आणि ते उद्योग किती वाढतात, हे त्यातील मुख्य प्रश्न आहेत. एका देशात यशस्वी ठरलेले धोरण दुसऱ्या देशाने कितपत स्वीकारावे, हा त्यांना जोडून येणारा प्रश्न आहे.

या क्षेत्रातील एक प्रभावी विचार असा, की उद्यमशील माणसे जवळपास प्रत्येक समाजात असतात. मात्र त्यांची बुद्धी आणि धडपड कोणत्या कामाकडे वळते, हे बऱ्याच अंशी त्या समाजातील नियमांवर अवलंबून असते. त्यामुळे एका देशाने दुसऱ्याकडून शिकताना योजनेचे नाव किंवा बाह्य आराखडा पाहून भागत नाही. ती योजना कोणती अडचण दूर करण्यासाठी आखली होती आणि ती यशस्वी होण्यासाठी त्या देशात आधीपासून काय उपलब्ध होते, हे समजून घ्यावे लागते.

संकल्पनेचा विकास

उद्योजक या घटकाला अर्थशास्त्रात स्वतंत्र स्थान देण्याचे श्रेय रिचर्ड कँटिलॉन यांना दिले जाते. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. माल ठरलेल्या किमतीला विकत घेऊन पुढे अनिश्चित किमतीला विकणारा तो उद्योजक, अशी त्यांची मांडणी होती. झाँ-बाप्तिस्त से यांनी कमी उत्पादक कामात गुंतलेली साधने अधिक उत्पादक कामाकडे वळवणारी व्यक्ती, असे उद्योजकाचे वर्णन केले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जिची शक्यता मोजता येते, आणि म्हणून जिचा विमा उतरवता येतो, ती जोखीम. जिचे असे गणित मांडता येत नाही ती अनिश्चितता. उद्योजकाचा नफा हा या अनिश्चिततेचा भार वाहण्याचा मोबदला आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ योझेफ शुंपेटर यांनी १९११ मधील ग्रंथात नव्या वस्तू, नव्या पद्धती आणि नव्या बाजारपेठा आणणारा उद्योजक हाच आर्थिक विकासाचा कर्ता असल्याचे म्हटले. जुन्या उद्योगांना मोडीत काढून नवे उभे राहण्याच्या प्रक्रियेला त्यांनी १९४२ मध्ये 'सर्जनशील विध्वंस' ही संज्ञा वापरली.

या मांडण्यांचा भर उद्योजक काय करतो यावर होता. त्याच्याभोवतीच्या नियमांकडे लक्ष वेधणारा महत्त्वाचा लेख विल्यम बॉमोल यांनी १९९० मध्ये लिहिला. उद्योजकता उत्पादक, अनुत्पादक आणि विघातक अशा तीन प्रकारची असू शकते, असे त्यांनी दाखवले. नवा कारखाना काढणे हे उत्पादक काम होय. सरकारी सवलत किंवा मक्तेदारी मिळवण्यासाठी खटपट करणे हे अनुत्पादक, तर लूट किंवा संघटित गुन्हेगारी हे विघातक काम होय. या तिन्हींसाठी कल्पकता, धाडस आणि संधी हेरण्याची नजर लागते. समाज कोणत्या कामाला संपत्ती, सत्ता आणि प्रतिष्ठा देतो, त्यानुसार हुशार माणसे आपला मार्ग निवडतात.

बॉमोल यांनी प्राचीन रोमचे उदाहरण दिले आहे. तेथे जमीनदारी, सावकारी आणि राजकीय पदातून मिळणारी संपत्ती सन्मान्य मानली जाई. व्यापार आणि उत्पादन यांत मोठ्या प्रमाणावर गुलामगिरीतून मुक्त झालेले लोक असत. न फुटणारी काच तयार करणाऱ्या एका कारागिराला सम्राट तिबेरियसने ठार करवले, कारण या शोधामुळे सोन्याची किंमत उतरेल अशी त्याला भीती वाटली, अशी दंतकथा रोमन लेखकांनी नोंदवली आहे. साम्राज्यकालीन चीनमध्ये कर्तबगार तरुणांचे लक्ष राजसेवेच्या परीक्षांकडे असे, कारण प्रतिष्ठेची आणि संपत्तीची वाट तेथून जात होती.

त्याच वर्षी डग्लस नॉर्थ यांचा संस्थात्मक बदलांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कायदे, करार आणि रूढी यांना नॉर्थ 'समाजाच्या खेळाचे नियम' या अर्थाने संस्था म्हणतात. त्यांना १९९३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परिस्थितीचे प्रमुख घटक

मालमत्ता आणि करार: उद्योजकाला आपल्या श्रमाचे फळ आपल्याकडे राहील याची खात्री लागते. जमिनीचा किंवा घराचा निर्विवाद दस्तऐवज असेल तर तो तारण ठेवून कर्ज मिळते. करार मोडल्यास न्यायालयात वेळेत दाद मिळत असेल तर अनोळखी माणसाशीही व्यवहार करता येतो. ही खात्री नसलेल्या ठिकाणी व्यवहार नातलग, जातभाई किंवा गावकरी यांच्यापुरते मर्यादित राहतात.

वित्त: बँका सहसा तारण आणि नियमित उत्पन्न पाहून कर्ज देतात. नवी कल्पना घेऊन आलेल्या तरुणाकडे हे दोन्ही नसते. अशा उद्योगात भागीदारीच्या रूपाने पैसा गुंतवणाऱ्या व्यवस्थेला जोखीम भांडवल म्हणतात. अमेरिकेत १९७९ मध्ये निवृत्तिवेतन निधींना अशा गुंतवणुकीची वाट मोकळी करणारा खुलासा झाल्यानंतर या क्षेत्राकडे मोठा पैसा वळला.

अपयशाची किंमत: दिवाळखोरीनंतर माणसाला पुन्हा उभे राहता येते की नाही, यावर किती लोक जोखीम घेतील हे अवलंबून असते. अमेरिकेच्या १९७८ च्या दिवाळखोरी कायद्याने अडचणीतील कंपनीला धंदा चालू ठेवून कर्जाची फेरमांडणी करण्याचा मार्ग दिला.

ज्ञानाचे अभिसरण: कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्याला नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास मनाई करणारे करार सामान्यतः ग्राह्य धरले जात नाहीत. ही तरतूद १८७२ पासूनची आहे. सिलिकॉन व्हॅलीतील अभियंते सहजपणे एका कंपनीतून दुसरीत गेले किंवा स्वतःची कंपनी काढू शकले, यामागील एक कारण म्हणून अभ्यासक या तरतुदीकडे पाहतात. विद्यापीठांना सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाचे पेटंट घेण्याची मुभा देणारा बाय-डोल कायदा १९८० मध्ये झाला.

या घटकांची सांगड वेगवेगळ्या प्रकारे बसू शकते. जर्मनीत कारखान्यातील उमेदवारी आणि व्यवसायशाळेतील शिक्षण यांची जोड देणारी प्रशिक्षणपद्धती, स्थानिक बचत बँका आणि उपयोजित संशोधन संस्था यांच्या आधारावर मध्यम आकाराचे कौटुंबिक उद्योग उभे राहिले. त्यांना 'मिटेलश्टांड' म्हणतात. हे उद्योग एखाद्या विशिष्ट यंत्रात किंवा सुट्या भागात पिढ्यानपिढ्या प्रावीण्य मिळवतात. अमेरिकेची पद्धत झपाट्याने वाढणाऱ्या नव्या कंपन्यांना पोषक आहे, तर जर्मनीची पद्धत सातत्याने सुधारणा करणाऱ्या कंपन्यांना.

मोजमाप

देशांमधील उद्योजकतेची तुलना करणारा जागतिक उद्योजकता निरीक्षण प्रकल्प बॅबसन महाविद्यालय आणि लंडन बिझनेस स्कूल यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये १० देशांत सुरू झाला. १८ ते ६४ वर्षे वयाच्या लोकांपैकी किती जण उद्योग सुरू करण्याच्या खटपटीत आहेत किंवा ४२ महिन्यांपेक्षा कमी काळ उद्योग चालवत आहेत, हे त्यात पाहणीद्वारे मोजले जाते. अनेक गरीब देशांत हे प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा अधिक आढळते. नोकरी उपलब्ध नसल्याने रस्त्यावर भाजी विकणारा माणूसही या मोजणीत उद्योजक ठरतो, हे त्याचे एक कारण आहे. म्हणून अभ्यासक संधी दिसल्याने स्वीकारलेली उद्योजकता आणि नाइलाजाने पत्करलेली उद्योजकता यांत फरक करतात.

जागतिक बँकेचा व्यवसायसुलभतेचा अहवाल २००३ पासून प्रसिद्ध होत असे. भारताचे त्यातील स्थान २०१५ च्या अहवालात १४२ वे होते, ते २०२० च्या अहवालात ६३ वे झाले. मात्र भारताची क्रमवारी केवळ मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांतील स्थितीवरून ठरत होती. एखाद्या तालुक्याच्या गावातील उद्योजकाचा अनुभव त्यात उमटत नव्हता. काही देशांच्या आकडेवारीत अनियमितता आढळल्यानंतर बँकेने २०२१ मध्ये हा अहवाल बंद केला.

देशांचे अनुभव

पेरू

अर्थशास्त्रज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या संस्थेने १९८० च्या दशकात लिमा शहरात एक प्रयोग केला. कपडे शिवण्याचा एक छोटा कारखाना सर्व कायदेशीर परवानग्या घेऊन नोंदवायचा, असे ठरले. त्यासाठी २८९ दिवस लागले. दे सोतो यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. लिमातील फेरीवाले, खासगी बसचालक आणि झोपडवस्त्यांतील घरबांधणी करणारे लोक कायद्याबाहेर राहतात ते उद्यमशीलतेच्या अभावी नव्हे, तर कायद्याच्या आत येणे त्यांना परवडत नाही म्हणून, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कायद्याबाहेरील उद्योगाला बँकेचे कर्ज मिळत नाही, न्यायालयात जाता येत नाही आणि नजरेत भरेल इतके वाढताही येत नाही. केवळ मालकीचे दस्तऐवज दिल्याने कर्जपुरवठा आपोआप वाढत नाही, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी त्यांच्या मांडणीवर केली आहे.

भारत

ब्रिटिश राजवटीत भारतीय उद्योजकांना शासनाचा पाठिंबा क्वचितच मिळे. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली, तेव्हा तिला प्रस्थापित ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या दरयुद्धाला तोंड द्यावे लागले. याउलट काही संस्थानांनी उद्योगांना आश्रय दिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंध संस्थानच्या अधिपतींनी जमीन दिल्यामुळे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. इचलकरंजीत जहागीरदार घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झाला.

स्वातंत्र्यानंतर उद्योग (विकास आणि नियमन) अधिनियम, १९५१ नुसार अनेक उद्योगांत कारखाना काढण्यासाठी, त्याची क्षमता वाढवण्यासाठी आणि नवी वस्तू बनवण्यासाठी परवाना आवश्यक झाला. मर्यादित भांडवल राष्ट्रीय गरजेच्या क्षेत्रांकडे वळावे आणि संपत्तीचे केंद्रीकरण टळावे, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात परवाना हीच एक मौल्यवान मालमत्ता बनली. आर. के. हझारी यांच्या १९६० च्या दशकातील अहवालात, काही मोठ्या उद्योगसमूहांनी परवाने आधीच मिळवून प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवल्याचे दिसून आले. परवाना मिळालेल्या कारखान्याला ग्राहकाची चिंता उरली नाही. पुण्याजवळ आकुर्डीत तयार होणाऱ्या स्कूटरसाठी ग्राहकांना अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागे. मागणी असूनही परवान्यापेक्षा अधिक उत्पादन करता येत नसे. राजगोपालाचारी यांनी या व्यवस्थेला 'परमिट-परवाना राज' असे नाव दिले.

अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ मधील एका गाजलेल्या लेखात अशा परवान्यांमागे लागण्यात वाया जाणाऱ्या साधनांचा विचार केला. परवाने आणि नियंत्रणांतून निर्माण होणारा अनर्जित लाभ भारतात १९६४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७.३ टक्के असावा, असा त्यांचा अंदाज होता. बॉमोल ज्याला अनुत्पादक उद्योजकता म्हणतात तिचे हे ठळक उदाहरण होय. कारखानदाराची हुशारी कारखान्यापेक्षा दिल्लीतील मंत्रालयांत अधिक फळ देत होती.

लघुउद्योगांच्या संरक्षणासाठी १९६७ मध्ये ४७ वस्तूंचे उत्पादन त्यांच्यासाठी राखीव ठेवण्यात आले. पुढे या यादीत ८०० हून अधिक वस्तू आल्या. राखीव वस्तू बनवणारा उद्योग गुंतवणुकीची मर्यादा ओलांडून वाढला तर तो आरक्षणास अपात्र ठरे. त्यामुळे वाढण्याऐवजी एकाच कुटुंबाने अनेक लहान कारखाने काढणे सोयीचे झाले. कापड उद्योगात १९५६ च्या धोरणाने गिरण्यांच्या मागांच्या संख्येवर मर्यादा घातली. हातमागाला आधार मिळावा हा हेतू होता. पण गिरणी आणि हातमाग यांच्यामधील जागा यंत्रमागांनी घेतली. इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगाव या शहरांच्या वाढीमागे हे एक कारण आहे. धोरणाचा हेतू आणि उद्योजकांनी त्यातून काढलेली वाट यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने हे परिस्थितीनुरूप घडलेल्या उद्योगरूपाचे आणखी एक उदाहरण आहे. लहान ऊस उत्पादकाकडे कारखाना काढण्याइतके भांडवल नव्हते. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांचे भाग, राज्य शासनाचे भागभांडवल, कालव्याचे पाणी आणि परवान्यात सहकाराला मिळणारे प्राधान्य यांच्या बळावर हे प्रारूप राज्यभर पसरले. त्याच शासकीय आधारामुळे पुढे अनेक कारखान्यांत राजकीय हस्तक्षेप वाढला आणि काही कारखाने तोट्यात गेले.

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता बाकी सर्व ठिकाणची परवान्याची अट काढून टाकली. भागविक्रीवरील सरकारी नियंत्रण १९९२ मध्ये संपले. लघुउद्योगांच्या राखीव यादीतील शेवटच्या २० वस्तू मात्र २०१५ पर्यंत टिकल्या. संगणक प्रणालीच्या उद्योगाची वाढ या संदर्भात लक्षणीय आहे. निर्यातीसाठी या उद्योगाला मोठी जमीन, बंदर किंवा कच्च्या मालाचा परवाना लागत नव्हता. शिक्षित अभियंते आणि दूरसंचार जोडणी एवढे पुरेसे होते. म्हणजे जुन्या नियमांची पकड जेथे सर्वांत सैल होती, तेथे नवे उद्योजक सर्वांत वेगाने पुढे आले.

उद्योगात शिरणे सोपे झाले तरी त्यातून बाहेर पडणे दीर्घकाळ अवघड राहिले. आजारी कंपन्यांसाठी १९८५ मध्ये केलेल्या कायद्याखाली प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळत. मुदतबद्ध प्रक्रिया घालून देणारी नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी स्टार्टअप इंडिया योजना आणि यूपीआय ही देयक प्रणाली सुरू झाली. आधार क्रमांकाच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात झाला होता. ओळख पटवणे आणि पैसे पाठवणे या सुविधा सर्वांना खुल्या असल्याने त्यांवर सेवा उभारणे नव्या कंपन्यांना सोपे गेले.

चीन

चीनमध्ये १९७८ नंतरच्या सुधारणा एका कायद्याने एकदम झाल्या नाहीत. प्रथम शेतकरी कुटुंबांना ठरलेला वाटा दिल्यावर उरलेले पीक विकण्याची मुभा मिळाली. त्यानंतर नगर आणि ग्राम पातळीवरील सामूहिक उपक्रम झपाट्याने वाढले. वैयक्तिक धंद्यांना सातपर्यंत कामगार ठेवण्याची परवानगी होती. त्याहून मोठा धंदा करू इच्छिणारे अनेक जण आपली खासगी कंपनी कागदोपत्री सामूहिक म्हणून नोंदवत. याला 'लाल टोपी घालणे' म्हणत. खासगी उद्योगाला राज्यघटनेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. मालमत्ता हक्क स्पष्ट नसतानाही येथे उद्योग वाढले, ही गोष्ट रूढ सिद्धांताला आव्हान देणारी ठरली. स्थानिक अधिकाऱ्यांचे उत्पन्न आणि बढती उद्योगांच्या वाढीशी जोडलेली असल्याने त्यांनीच उद्योजकांना संरक्षण दिले, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. हे संरक्षण कायद्यापेक्षा अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असल्याने त्यातील धोकाही कायम राहिला.

दक्षिण कोरिया आणि तैवान

हे दोन्ही देश निर्यातीच्या आधारे समृद्ध झाले, पण त्यांच्या उद्योगांची रचना भिन्न राहिली. दक्षिण कोरियात १९६१ मध्ये बँकांवर सरकारी ताबा आला आणि स्वस्त कर्ज निर्यातीचे लक्ष्य गाठणाऱ्या कंपन्यांना मिळू लागले. यातून 'चेबोल' नावाने ओळखले जाणारे मोठे कौटुंबिक उद्योगसमूह वाढले. सरकारी मदत मिळवण्याची कसोटी परदेशी ग्राहक माल घेतो की नाही ही होती. त्यामुळे येथील संरक्षण भारतातील परवान्यांपेक्षा वेगळा परिणाम देऊन गेले. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर आणि देवू समूह कोसळल्यावर या पद्धतीच्या मर्यादा उघड झाल्या. नव्या कंपन्यांसाठी विशेष कायदा तेथे १९९७ मध्ये झाला.

तैवानमध्ये लहान उद्योगांना औपचारिक बँकांकडून कमी कर्ज मिळे. ते नातेवाइकांच्या आणि अनौपचारिक बाजारातील पैशावर चालत, म्हणून लहान राहत आणि एकमेकांना कामे वाटून देत. एकट्या लहान कंपनीला न झेपणारे संशोधन शासनाने १९७३ मध्ये स्थापन केलेल्या औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केले. शिनचू विज्ञान उद्यान १९८० मध्ये सुरू झाले. मॉरिस चँग यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये टीएसएमसी ही कंपनी स्थापन झाली. ती फक्त इतरांनी आखलेल्या चिप तयार करून देते. त्यामुळे स्वतःचा महागडा कारखाना नसलेल्या अभियंत्यांनाही चिपची कंपनी काढणे शक्य झाले.

इस्रायल

इस्रायलमध्ये १९९० च्या सुमारास अभियंते होते, लष्करी संशोधनातून आलेले तंत्रज्ञान होते आणि सोव्हिएत संघातून उच्चशिक्षित स्थलांतरितांचे लोंढे येत होते. नव्या कंपन्या सुरू होत, पण त्यांना परदेशी बाजारपेठेपर्यंत नेणारे भांडवल आणि अनुभवी व्यवस्थापन नव्हते. शासनाने १९९२ मध्ये इनबाल ही योजना आणली. तिच्यात गुंतवणूक निधींच्या नुकसानीपैकी सुमारे ७० टक्के भागाची हमी होती. ही योजना अपयशी ठरली. तोटा भरून मिळणार असल्याने निधी चालवणाऱ्यांवर चांगल्या कंपन्या निवडण्याचा दबाव नव्हता, आणि अनुभवी भागीदारही आले नाहीत.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या योझ्मा योजनेसाठी १० कोटी डॉलर ठेवण्यात आले. तिच्या साहाय्याने १० निधी स्थापन झाले. प्रत्येक निधीत इस्रायली वित्तसंस्थेबरोबर अनुभवी परदेशी गुंतवणूकदार असणे बंधनकारक होते. शासनाचा वाटा सुमारे ४० टक्के असे. निधी यशस्वी झाल्यास पाच वर्षांच्या आत शासनाचा वाटा मूळ किंमत आणि व्याज देऊन विकत घेण्याचा हक्क खासगी भागीदारांना होता. म्हणजे इनबालने तोट्याची भीती कमी केली, तर योझ्माने नफ्याची ओढ वाढवली. बहुतेक निधींनी हा हक्क वापरला आणि शासनाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस या योजनेतून अंग काढून घेतले.

संस्कृतीचा प्रश्न

उद्योजकतेतील फरकाचे कारण म्हणून धर्म, जात किंवा समाजाचा स्वभाव पुढे करण्याची प्रथा जुनी आहे. माक्स वेबर यांनी प्रोटेस्टंट नीतिमूल्ये आणि भांडवलशाही यांचा संबंध मांडला. महाराष्ट्रातही मराठी माणूस धंद्यापेक्षा नोकरीत रमतो, असे विधान वारंवार केले जाते. समाजातील ओळखी, उधारीवरील विश्वास आणि घरात मिळणारे धंद्याचे शिक्षण यांना महत्त्व आहे, हे अभ्यासक मान्य करतात. मात्र केवळ संस्कृतीने सर्व फरक उलगडत नाहीत. कोरियाच्या उत्तर आणि दक्षिण भागांची किंवा पूर्व आणि पश्चिम जर्मनीची भाषा व परंपरा एकच होती. नियम वेगळे झाल्यावर उद्योगांचे चित्र काही दशकांत पूर्ण बदलले. नियम बदलल्यावर धंद्याविषयीच्या सामाजिक धारणाही हळूहळू बदलतात.

अनुकरणाच्या मर्यादा

जर्मनीने १९७५ मध्ये अमेरिकेच्या धर्तीवर जोखीम भांडवलाची एक संस्था काढली आणि तोट्याच्या ७५ टक्के भागाची सरकारी हमी दिली. ती यशस्वी झाली नाही. तोट्याच्या हमीने उत्तम गुंतवणूकदार तयार होत नाहीत, हा इनबालमध्ये पुढे आलेला अनुभव तेथे आधीच येऊन गेला होता. चिलीने २०१० मध्ये स्टार्टअप चिली ही योजना सुरू करून परदेशी उद्योजकांना ४० हजार डॉलरचे अनुदान आणि वास्तव्याचा परवाना दिला. जगभरातून तरुण आले आणि चिलीचे नाव झाले. परंतु पुढच्या टप्प्यावरील भांडवल आणि मोठी बाजारपेठ तेथे नसल्याने अनेक जण मुदत संपल्यावर निघून गेले. त्यानंतर योजनेत बदल करून कंपन्यांना देशात टिकवण्यावर भर देण्यात आला.

या उदाहरणांतून दोन प्रकारच्या चुका दिसतात. पहिली, उणीव एक असताना उपाय दुसऱ्याच गोष्टीवर करणे. दुसरी, उपाय योग्य असूनही त्याला लागणारी पूर्वतयारी नसणे. योझ्माच्या आधी इस्रायलमध्ये तंत्रज्ञ आणि संशोधन यांची अनेक दशकांची बेगमी होती. तशी बेगमी नसलेल्या देशात तोच निधी स्थापन केल्यास गुंतवणुकीसाठी योग्य कंपन्याच सापडत नाहीत.

देशांना घेता येणारे धडे

तुलनात्मक अभ्यासांतून पुढील मुद्दे मांडले जातात.

उद्योजकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या कामाची दिशा महत्त्वाची असते. हुशार लोकांना कारखान्यापेक्षा परवाना, अनुदान किंवा ओळखीतून अधिक कमाई होत असेल, तर नव्या योजनांमुळे त्याच कमाईला आणखी वाव मिळतो.

प्रवेशाइतकेच निर्गमनही सुलभ असावे लागते. बंद न करता येणारा उद्योग भांडवल, जमीन आणि कामगार अडकवून ठेवतो, आणि त्याच्या मालकाला दुसरी संधी मिळत नाही. कामगारांना त्या काळात आधार देणारी सामाजिक सुरक्षा असेल तर अशा सुधारणांना विरोधही कमी होतो.

लहान उद्योगाला दिलेले संरक्षण वाढीची शिक्षा ठरू नये. भारतातील राखीव वस्तूंच्या यादीने लहान उद्योग वाचवले, पण त्यांतील अनेकांना लहानच ठेवले.

शासकीय मदतीला बाहेरची कसोटी आणि मुदत हवी. कोरियात ही कसोटी निर्यातीची होती, इस्रायलमध्ये परदेशी भागीदाराच्या स्वतःच्या पैशाची. मुदत नसलेली सवलत हितसंबंध निर्माण करते आणि मागे घेणे अवघड होते.

सर्वांना वापरता येणाऱ्या सुविधा निवडक कंपन्यांना दिलेल्या मदतीपेक्षा दूरवर परिणाम करू शकतात. तैवानची संशोधन संस्था आणि भारताची देयक प्रणाली ही त्याची दोन भिन्न उदाहरणे आहेत.

अपयश मान्य करून योजना बदलण्याची क्षमता हीसुद्धा देशाची एक संस्थात्मक संपत्ती असते. इस्रायलने इनबालनंतर एका वर्षात वेगळ्या तत्त्वावरील योजना आणली. भारतात लघुउद्योगांच्या राखीव यादीचे दुष्परिणाम दिसू लागल्यानंतरही ती पूर्णपणे संपण्यास अनेक दशके लागली. या काळात जे कारखाने वाढले नाहीत किंवा निघालेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही. प्रतिकूल परिस्थितीने झालेले नुकसान मोजणे अवघड असते, ते याच कारणामुळे.